पाटण्याच्या रानात तीन दिवस

पहिला दिवस : केदारकुंडाची वाट

चाळीसगाव स्टेशनाबाहेर पहाटे पावणेसहाला ताई उभी होती. एका हातात कळण्याच्या भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं, दुसऱ्या हातात बॅटरी. ताई माझी मावसबहीण. शेजारी तिचा मुलगा, अकरावीतला, पायात नवेकोरे बूट घालून. "मावशी, बिबट्या दिसेल ना?" हेच त्याचं पहिलं वाक्य. नमस्कारसुद्धा त्यानंतर.

आश्विन शुद्ध चतुर्दशी होती. नवरात्राची गर्दी ओसरली होती, पाऊस परतला होता आणि ओढ्यांना अजून पाणी होतं. पाटण्याला जायचं तर असंच जावं, असं ताई गेली दोन वर्षं म्हणत होती. चाळीसगावाहून पाटणं साधारण अठरा किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली, वेचणीला निघालेल्या बाया डोक्याला रुमाल बांधून बांधाबांधाने चाललेल्या. समोर सातमाळ्याचा डोंगर आडवा पसरलेला. या डोंगराच्या माथ्यावर मराठवाडा आणि पायथ्याला खानदेश. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झालं. सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे जंगल, त्यातला मोठा भाग वर कन्नडच्या बाजूला. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या वाट्याला जो तुकडा आला, त्याचं काळीज म्हणजे पाटणादेवीचं खोरं.

आम्ही खानदेशी माणसं इथे लहानपणापासून येतो. चंडिकेचं दर्शन, झाडाखाली बट्टी-वरण, पोरांचं पाण्यात डुंबणं, आणि दिवस मावळायच्या आत घरी. मीही तशीच आले होते, परकर-पोलक्यात. जंगल बघायला म्हणून कधीच आले नव्हते. मावशीच्या घरात फक्त देवघरच पाहावं आणि माजघरात पाऊल टाकू नये, तसं इतकी वर्षं झालं होतं.

नाक्यावर नावं लिहून आत गेलो. आमचे वाटाडे आबा तिथेच बसले होते. साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, हातात तेल पाजलेली काठी. त्यांनी आधी भाच्याच्या बुटांकडे पाहिलं, मग त्याच्या मोबाईलकडे. "गाणं लावायचं नाही. बाटली जशी नेली तशी परत आणायची. आणि मी थांबलो की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही." एवढंच बोलून ते चालायला लागले.

देवळाच्या मागे वाट झाडीत शिरते, तसा उजेडाचा रंग बदलला. पहिल्या दहा मिनिटांतच आबा थांबले. वाटेच्या कडेला अंजनाचं झाड होतं आणि त्याची एक फांदी अर्धवट तोडून लोंबत सोडलेली. दसऱ्याला आपट्याचं सोनं म्हणून कोणीतरी ओरबाडलेली. आबांनी एक पान खुडून माझ्या तळहातावर ठेवलं. आपट्याचं पान एकच असतं, मधोमध चिरलेलं. अंजनाची दोन सुटी पानं असतात, तळाशी देठाला जुळलेली, जणू कोणी हात जोडलेत. हा अंजन सातमाळ्याच्या कोरड्या उताराचा खरा मालक. खडकाच्या भेगेत मुळं घालून उभा राहतो, उन्हाळ्यात गुरांना पाला देतो, आणि लाकूड असं की कुऱ्हाडीची धार बोथट व्हावी. आबांनी लोंबती फांदी उचलून धरली, सालीचा जोड बघितला, आणि हळूच खाली सोडली. बोलले काही नाहीत. मला मात्र फार वाईट वाटलं. दर दसऱ्याला मी जे सोनं लुटलं, त्यात अंजन किती होता कोणास ठाऊक.

पुढे डोंगरी नदी आडवी आली. घोट्याएवढं पाणी, तळाचा गोटा न् गोटा दिसावा इतकं स्वच्छ. ताई पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, "हीच ती. एकतीस ऑगस्टला हिनेच गाव बुडवलं." २०२१ सालच्या त्या दिवशी डोंगरी आणि तितूर एकाच वेळी फुगल्या आणि चाळीसगावच्या बाजारपेठेत पाणी घुसलं. त्याच दिवशी कन्नड घाटात दरडी कोसळल्या. ताईच्या घरात कमरेइतकं पाणी होतं, धान्याच्या कोठ्या तरंगत होत्या. आज तीच नदी तिच्या पैंजणाशी खेळत होती. डोंगरी तितूरला मिळते, तितूर गिरणेला, गिरणा तापीला. म्हणजे या रानातला प्रत्येक थेंब अख्खा जिल्हा ओलांडून जातो. उतारावर झाडं उभी असतील तर तो सावकाश जातो. उतार बोडका झाला तर एकदम.

नदीपलीकडे दोन झाडांच्या मध्ये कोळ्याचं जाळं होतं, आणि उन्हात ते चक्क सोनेरी दिसत होतं. मध्यभागी काळीपिवळी मादी, पाय पसरून माझ्या पंजाएवढी. जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक तांबूस ठिपका होता, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. तो तिचा नर, हे आबांनी सांगितलं तेव्हा भाचा पहिल्यांदा मोबाईल विसरला. तो खाली वाकून, मान तिरकी करून पाच मिनिटं बघत राहिला. मादीने एक पाय उचलून दोऱ्यावर हलकेच टेकवला, तसं सगळं जाळं थरथरलं. आम्ही वाट सोडून, वाकून, जाळ्याला धक्का न लावता पलीकडे गेलो.

आणि मग तो चिखल. ओढ्याच्या वळणावर घोंगडीएवढी ओली माती होती आणि तिच्यावर एकच पाऊल. आबा उकिडवे बसले. "दखा, पहाटेच गया." आमच्या अहिराणीत दखा म्हणजे बघा.

मी शेजारी बसून निरखलं. चार बोटं, मागे गादी. गादीची मागची कड तीन उंचवट्यांची. नखांची खूण नाही, कारण मांजरकुळातली जनावरं चालताना नखं आत घेतात. कुत्रा किंवा तरस असता तर बोटांपुढे नखांचे टोचे उमटले असते. ठसा माझ्या तळहाताहून थोडा लहान. त्याच्या तळाशी पाणी अजून पुरतं झिरपलं नव्हतं, कडेचा मातीचा कण कोसळायच्या बेतात होता. भाच्याने इकडेतिकडे पाहायला सुरुवात केली. आबा हसले. "बिबट्या आपले दखस, आपन त्याले नही."

केदारकुंडापाशी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. कातळाच्या पोटात पाणी पडून पडून कोरलेला हा कुंड, वर उंच भिंत, आणि पाण्याचा रंग गर्द हिरवा. कुंड खोल आहे, आबांनी आम्हाला काठाच्या पुढे जाऊ दिलं नाही. इथे अर्धा तास नुसतं बसायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पहिली दहा मिनिटं कठीण गेली. मग एक राखी परीट आला, पोटाखाली पिवळा, शेपूट सारखी खालीवर. हिमालयाकडून हिवाळ्यापुरता उतरलेला पाहुणा. तो आमच्यापासून तीन हातांवर ओल्या दगडावर किडे टिपत राहिला. नंतर एक बाणपाखरू कुंडावरून तरंगत गेलं, लांब पांढऱ्या फितीसारखी शेपटी मागे सोडून. ताईने माझा हात घट्ट दाबला. तिने तोवर तो पक्षी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

तेवढ्यात खालून दहा-बारा तरुण आले, स्पीकरवर गाणं लावून. परीट उडाला. आबा उठून त्यांच्याकडे गेले आणि हात जोडून काहीतरी बोलले. स्पीकर बंद झाला. पण ते गेल्यावर दगडांच्या फटीत वेफर्सची सात पाकिटं आणि दोन बाटल्या उरल्या. आम्ही त्या गोळा केल्या. मला राग आला, अजूनही येतो. ज्या वाटेवर पहाटे बिबट्या पाणी प्यायला येतो, तिथे आपण हे टाकून जावं?

दुपारी धवलतीर्थाचा धबधबा लांबून पाहिला. श्रावणातला जोर नव्हता, पण कड्यावरून एक पांढरी धार तुटत-जुळत खाली येत होती. परतताना ऊन असं लागलं की डोकं दुखू लागलं. ऑक्टोबरातला खानदेश म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मुक्काम चाळीसगावला, ताईकडे. शेवभाजी खाऊन आठलाच झोपलो.

दुसरा दिवस : कन्हेरगड आणि पौर्णिमा

सहाला पुन्हा नाक्यावर. आज कन्हेरगड चढायचा होता. पायथ्याचं महादेवाचं देऊळ उंच जोत्यावर उभं आहे. चुन्याशिवाय बसवलेले दगड आणि भिंतीला इतके कोन की सकाळच्या तिरप्या उन्हात सावल्यांची नुसती घडी घातलेली दिसते. आजूबाजूला माणूस नव्हतं. गाभाऱ्यात वटवाघळांचा वास आणि पिंडीवर कोणीतरी नुकतंच वाहिलेलं बेलाचं पान.

चढावर धावडा, सालई, मोई, मधे मधे सीताफळाची दाट झुडपं. फळं डोळे उघडायला लागली होती. एका झाडाखाली वानरांनी अर्धवट खाऊन टाकलेल्या फळांचा सडा होता आणि त्यावर मुंग्यांची रांग. थोडं वर एक वारूळ उभं फोडलेलं दिसलं. "आस्वल शे," आबा म्हणाले, "रातले फोडेल शे." वारुळाच्या कुशीत हात जाईल एवढं भोक होतं आणि कडेला नखांच्या लांब समांतर रेघा. अस्वलाला वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते आधी फुंकर मारून माती उडवतं आणि मग वाळवी शोषून घेतं. नाकपुड्या हवं तेव्हा मिटता येतात, म्हणून धूळ आत जात नाही. शोषण्याचा तो आवाज रात्री पार शेतापर्यंत ऐकू येतो, असं आबा म्हणाले. भोकाच्या तोंडाशी उडालेली माती पंख्यासारखी पसरली होती. मी बोटाने स्पर्श केला, ती पिठासारखी मऊ होती. वाळवी मात्र कामाला लागली होती, भोकाच्या कडेने ओल्या मातीचा नवा काठ चढत होता.

अजून वर, खडकावर पांढरी शुभ्र, खडूसारखी विष्ठा. तरसाची. हाडं चावून खाणारं जनावर, म्हणून वाळली की अशी पांढरी होते. आबांना तरसाबद्दल विशेष माया दिसली. "गावाबाहेरचं मेलेलं ढोर हाच उचलतो," ते म्हणाले. "लोक त्यालाच अपशकुनी म्हणतात."

नागार्जुन कोठडी वाटेतच लागते. डोंगराच्या कपारीत कोरलेलं जैन लेणं, आत शांत बसलेले तीर्थंकर. शेजारी सीता न्हाणी. आम्ही ओट्यावर भाकरी सोडली, तेव्हाच खालच्या दरीतून आवाज आला. खॅक्, खॅक्, खॅक्. वानराचा. आबांचा घास हातातच राहिला. नंतर दुसऱ्या बाजूने तसाच खकारा, मग मोराची किंकाळी. आवाज दरीच्या डाव्या कुशीने सावकाश वर सरकत होता, जणू कोणी चाललंय आणि पुढचं झाड मागच्या झाडाकडून निरोप घेतंय. दहा मिनिटं. मग सगळं निवलं. आम्हाला काहीच दिसलं नव्हतं, तरी कुठून कुठे गेला हे मी आजही बोटाने काढून दाखवीन. भाच्याने विचारलं, "आबा, तो बघितला का आपण?" आबा म्हणाले, "ऐकला ना."

माथ्यावर फार काही उरलं नाही. पाण्याची टाकी, पडकी तटबंदी, कमरेइतकं पिवळं पडत चाललेलं गवत. पण नजर जाईल तिथवर खाली खानदेश. हिरवे-पांढरे कपाशीचे चौकोन, मधे चाळीसगावची पांढरी वस्ती, आणि धुरकट क्षितिज. मागे वळलं की नुसतं जंगल. डोक्याच्या वर सर्पगरुड घिरट्या घालत शीळ देत होता.

इथे बसूनच मी भाच्याला पाटण्याच्या शिलालेखाची गोष्ट सांगितली. गणिती भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४. त्यांचे नातू चांगदेव यादवांच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि त्यांचे इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी इथे पाटण्यात मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, ते शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. आजच्या हिशेबाने १२०७ सालचा ऑगस्ट. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी बाजारातल्या मालावरचा कर मठाला दिल्याचं चक्क त्या काळच्या मराठीत कोरलंय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. आता जिथे वानरं सीताफळं खातात, तिथे तेव्हा पेठ भरत होती, तेलाचे घाणे चालत होते, आणि पोरं ग्रहणाचं गणित पाठ करत होती. अकरावीला गणित घेतलेला माझा भाचा बराच वेळ खालच्या झाडीत कुठे भिंत दिसते का ते शोधत होता.

उतरताना माझा पाय घसरला आणि गुडघा खरचटला. आबांनी एकदांडीचा पाला चुरून लावला, चुरचुरलं, पण रक्त थांबलं.

रात्री आबांच्या घरी कोजागिरी. पाटणे गावात, अंगणात, चुलीवर दुधाचं पातेलं. शेजारची पाच-सहा माणसं आली होती. चंद्र कन्हेरगडाच्या खांद्यावरून वर आला आणि सगळा डोंगर निळसर झाला. बोलणं आपोआप बिबट्यावर गेलं. २०१७ साली गिरणेकाठी वरखेडे भागात बिबट्याने माणसं मारली होती. त्या महिन्यांत लोक कापूस वेचायला टोळीने जात, रात्रीचं पाणी भरायला कोणी उतरत नसे. आबांच्या शेजारीण म्हणाल्या, "आमच्या पोरांना आम्ही चार वाजता घरात घेत होतो." मी शहरात बसून बिबट्यावर प्रेम करते, त्या त्याच्या शेजारी राहतात. त्यांच्या बोलण्यात भीती होती, राग होता, पण डोंगरातलं जनावर संपवून टाका असं त्या अंगणात एकही माणूस म्हणालं नाही. डोंगरात खायला राहिलं तर तो खाली येत नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

मार्च २०२१ मध्ये गौताळ्याच्या ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला, तेही निघालं. यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला तरुण नर. मधे किती शेतं, किती रस्ते, किती रेल्वे रूळ! आबांनी तो पाहिला नाही, पण त्याच्याबद्दल बोलताना त्यांनी आवाज खाली आणला, घरात मोठं माणूस निजलेलं असावं तसा.

साडेअकराला दूध उतरलं. केशर नव्हतं, वेलची होती. लांबून कोल्हेकुई सुरू झाली, गावातली कुत्री उठली, आणि थोड्या वेळाने दोन्ही बाजू गप्प झाल्या.

तिसरा दिवस : घाटावरून पितळखोरा

सकाळी आबांचा निरोप घेतला. त्यांनी पैसे मोजून घेतले आणि वर पाच सीताफळं दिली, स्वतःच्या बांधावरची, जंगलातली नव्हे, हे दोनदा सांगून.

गाडीने कन्नड घाट चढलो. याचंच जुनं नाव औट्रम घाट, खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमच्या नावावरून. घाटात ट्रकांची रांग होती, वळणावर वानरं बसलेली, आणि लोक काचा खाली करून त्यांना बिस्किटं देत होते. ताईने काच वर केली.

पितळखोऱ्याला वरून खाली उतरावं लागतं. पायऱ्या दरीच्या पोटात जातात आणि कड्यात तेरा-चौदा लेणी दिसतात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरायला घेतलेली. बरीचशी ढासळलीत. पण जोत्यावरची हत्तींची रांग आणि दाराशी भाले-ढाली घेतलेले द्वारपाल अजून तसेच आहेत. पायऱ्यांजवळ पाच फण्यांचा नाग आहे. वरच्या साठ्यातलं पाणी त्याच्या फण्यांतून ठिबकावं अशी भोकं आतून खोदलेली. भाच्याने बॅटरी लावून भोकं मोजली. चैत्यगृहात अष्टकोनी खांबांवर रंग शिल्लक आहे, तांबूस चेहऱ्यांचे अस्पष्ट बुद्ध. लेखांत दाते आहेत पैठणचे, त्यातला एक गांधी म्हणजे अत्तर विकणारा मितदेव, आणि एक राजवैद्य मगिल. इथे सापडलेला हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याच्या तळहाताच्या मागे तो घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कान्हदास सोनार. दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर आणि नाव असं की आजही चाळीसगावच्या सराफ्यात हाक मारली तर कोणीतरी वळून बघेल.

समोरच्या कड्याच्या कपारीत शृंगी घुबड बसलं होतं. कानांसारखे पिसांचे तुरे, नारिंगी डोळे अर्धवट मिटलेले. आम्ही बघतोय हे त्याला कळलं होतं. ते उठलं नाही, आम्ही हललो नाही. भाच्याने मोबाईल खिशातून काढलाच नाही.

संध्याकाळच्या गाडीने मी जळगावला निघाले. खिडकीशी बसून मोज्यांतली कुसळं काढत होते, एकेक करून, कारण ती विणीत आडवी शिरली होती. समोर नऊवारीतली एक म्हातारी. बराच वेळ बघून म्हणाली, "कथाईन उनात वं?"

"पाटण्याहून, आजी. तीन दिवस रानात होतो."

"मन्हं माहेर तठलंच." तिने माझा मोजा हातात घेतला आणि नखाने एक कुसळ अलगद उलट्या बाजूने ओढून काढलं. मग दुसरं. लग्नाआधी सीताफळांच्या पाट्या डोक्यावर घेऊन ती चाळीसगावच्या बाजाराला चालत जायची, पहाटे तीनला निघून, कंदील धरून. "आस्वल आडवं उनं का आमी पाट्या खाले ठेवूत नि उभ्या ऱ्हाऊत. ते जाये. मंग आमी जाऊत."

मी पिशवीतून आबांचं एक सीताफळ काढून तिला दिलं. तिने ते नाकाशी धरलं, अंगठ्याने डोळे दाबून पाहिले, आणि पदरात बांधलं. "आज नही," ती म्हणाली, "सकायले पिकी."